खांदा माझा, कान शेजाऱ्याचा

गेल्या वर्षी शाळेच्या नेमबाजी संघात निवड व्हावी म्हणून मी जीव तोडून सराव करत होतो. .22 रायफल, पंचवीस मीटर अंतर, पालथे पडून पाच गोळ्या. दर वेळी चार छिद्रे एका जागी पडायची आणि पाचवे कुठेतरी खाली. मी आधी रायफलला दोष दिला, मग साइटला, मग सकाळच्या धुक्याला. आमच्या उस्तादांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग रायफल माझ्या हातातून घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. मी श्वास रोखला, नेम धरला, चाप ओढला. नुसता 'टक्' आवाज झाला. त्यांनी आत उडवलेले रिकामे काडतूस घातले होते. पण रायफल उडालेली नसतानाही नळीचे तोंड सगळ्यांच्या देखत बोटभर खाली गेले होते आणि माझे डोळे घट्ट मिटले होते.

मागे बसलेली डिटेल खो खो हसली. उस्ताद मात्र हसले नाहीत. "आत गोळी नव्हती. मग घाबरलास कशाला?" एवढेच त्यांनी विचारले.

त्या रात्री मी खूप विचार केला. .22 रायफलला धक्का जवळजवळ नसतोच. मग मी कशाला दचकत होतो? उत्तर दुसऱ्या दिवशी रेंजवर मिळाले. मी दचकत होतो तो माझ्या डावीकडच्या लेनमधल्या रायफलच्या आवाजाला. तो कधी येईल याची मी नकळत वाट बघायचो आणि माझा चाप त्या भीतीत ओढला जायचा. कानात नीट बसणारे प्लग घातल्यावर पंधरा दिवसांत माझे पाचवे छिद्र इतर चारांच्या जवळ आले.

ही हकिकत सांगायचे कारण म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामाने सांगितलेली दुसरी हकिकत. माझा मामा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहतो. तिथली हरणे मूळची तिथली नाहीत. परदेशातून आणून सोडलेली ती हरणे इतकी वाढली की जंगल खाऊ लागली. त्यामुळे तिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि बरेच लोक मांसासाठी ती करतात. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि मला ती योग्य वाटते. पण प्रत्येक देशाचे जंगल वेगळे, तसे तिथले नियमही वेगळे.

मामा एका सहकाऱ्याबरोबर डोंगरात गेला होता. त्याच्याकडे बंदूक नव्हती. तो दुर्बिणीतून हरिण शोधून देत होता. सहकाऱ्याची रायफल .300 विन्चेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाची होती आणि नळीच्या तोंडावर मझल ब्रेक बसवलेला होता. हरिण दिसले. दोघे शेजारी शेजारी पालथे पडले. मामा रायफलच्या बाजूला, थोडा पुढे. हरणाची चाहूल ऐकू यावी म्हणून दोघांनीही कानात काही घातले नव्हते. एकच गोळी झाडली गेली. हरिण जागेवर पडले. सहकारी उठून खांदा चोळायचे नाटक करत हसला आणि म्हणाला, "बघ, जाणवलंसुद्धा नाही!" मामाला त्याचे ओठ हलताना दिसले, पण शब्द ऐकू आले नाहीत. तीन दिवस त्याचा उजवा कान बधिर होता. आजही रात्री सगळे शांत झाले की त्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते.

"त्याच्या खांद्याला खरंच काही झालं नव्हतं रे," मामा म्हणाला. मला ते वाक्य विसरता येत नाही. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते सगळे त्या वाक्यात आहे.

आधी ही वस्तू काम कशी करते ते पाहू, म्हणजे मी उगाच तक्रार करतो आहे असे कुणाला वाटणार नाही.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी एक गणित सोडवले आहे. 20 ग्रॅमची गोळी 2 किलोच्या पिस्तुलातून सेकंदाला 150 मीटर वेगाने सुटते, तर पिस्तूल किती वेगाने मागे येईल? उत्तर 1.5 मीटर. संवेग पुढे जितका गेला तितकाच मागे आला पाहिजे, हा नियम. गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट सोडून दिली आहे. नळीतून फक्त गोळी बाहेर पडत नाही. गोळीच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो आणि तो गोळीपेक्षाही वेगाने पडतो.

शिकारीच्या रायफलीत हा वायू किती महत्त्वाचा असतो ते मी स्वतः मोजून पाहिले. .30-06 हे जगभर वापरले जाणारे शिकारी काडतूस घेऊ. गोळी साधारण 11.7 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 820 मीटर. दोन्हींचा गुणाकार केला की गोळीचा संवेग 9.6 येतो. दारू सुमारे 3.6 ग्रॅम. तिच्या वायूचा वेग सेकंदाला 1400 मीटरच्या आसपास धरला तर त्याचा संवेग 5 येतो. म्हणजे एकूण धक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा एकट्या वायूचा आहे! दुर्बिणीसकट रायफल 3.6 किलोची असेल तर ती सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने खांद्यावर येते आणि तिच्यात सुमारे 30 ज्यूल ऊर्जा असते. हेच गणित आपल्या .22 चे केले, रायफल 3 किलोची धरली, तर ऊर्जा जेमतेम 0.12 ज्यूल येते. दोनशे पटींहून जास्त फरक. मी रेंजवर दचकत होतो हे कबूल करताना आता मला जास्तच लाज वाटते.

मझल ब्रेक या वायूच्या हिश्शावरच काम करतो. नळीच्या तोंडावर आटे पाडून बसवलेला तो एक पोकळ नळकांडा असतो आणि त्याच्या बाजूंना भोके किंवा खाचा असतात. गोळी सरळ निघून जाते, पण वायू त्या खाचांच्या भिंतींवर आदळून बाजूला किंवा थोडा मागे वळतो. पुढे जाणारा वायू बाजूला गेला की त्याचा मागचा धक्का नाहीसा होतो. मागे वळला तर तो रायफलला उलट पुढे ओढतो. वरच्या उदाहरणात सगळाच्या सगळा वायू दोन्ही बाजूंना सारखा वळला, तर खांद्यावर येणारी ऊर्जा 30 ज्यूलवरून 13 ज्यूलवर उतरेल. प्रत्यक्षात सगळा वायू वळत नाही, पण धक्का बराच कमी होतो हे खरे आहे. काडतुसात दारू जितकी जास्त तितका ब्रेकचा उपयोग जास्त. म्हणून मॅग्नम रायफलींवर तो जास्त दिसतो आणि .22 वर त्याला काही अर्थ नसतो.

कल्पना नवी नाही. ती तोफांसाठी जन्मली आणि तोफखान्यात ती आजही लागतेच. दुसऱ्या महायुद्धात 25 पौंडी तोफेतून रणगाड्यांवर जास्त दारूचे गोळे मारायला लागल्यावर तोफ उसळू लागली, तेव्हा तिच्या तोंडावर मझल ब्रेक बसवला गेला. आपल्या बोफोर्स तोफेच्या तोंडावर भोकाभोकांचे जे नळकांडे दिसते तोही ब्रेकच आहे. तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात बनणाऱ्या 'विध्वंसक' या मोठ्या रायफलीवरही तो आहे, कारण तेवढ्या मोठ्या काडतुसाचा धक्का त्याच्याशिवाय माणसाच्या खांद्याला पेलणार नाही. तेव्हा मझल ब्रेक ही वस्तूच वाईट, असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. मी तसे म्हणत नाही.

आमच्या होस्टेलमध्ये या विषयावर वाद झाला तेव्हा एका सीनियरचे मत वेगळेच होते. तो म्हणाला, "धक्का सोसता येत नसेल तर बंदूक हातात धरूच नये. ब्रेक म्हणजे कुबडी आहे." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आपल्यासारख्या शाळेत सोसणे हा मोठा गुण मानला जातो आणि तो आहेही. पण इथे तो लागू पडत नाही, असे मला वाटते.

धक्क्याची भीती ही हिमतीची कमतरता नसते. शरीराला एकदा कळले की चाप ओढल्यावर मार बसणार आहे, की ते आपल्याला न विचारता तयारी करते. खांदा ताठ होतो, डोळे मिटतात, हात चापाला झटका देतो. माझे हे सगळे रिकाम्या काडतुसावर झाले होते. कागदी टार्गेटवर त्याची किंमत दोन गुण असते. जंगलात त्याची किंमत प्राणी देतो. नेम बोटभर चुकला की हृदयाऐवजी गोळी पोटात लागते आणि हरिण मरायला तासन् तास घेते, तेही कुठेतरी झुडपात, जिथे ते सापडतही नाही. ज्या देशात शिकार कायदेशीर आहे तिथेसुद्धा शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे प्राणी एका गोळीत पडावा. मग त्यासाठी धक्का कमी करण्यात कसली लाज? किरकोळ बांध्याचा माणूस असेल, खांद्याला जुनी दुखापत असेल, तर त्याने मार खाऊनच मर्दपणा सिद्ध करावा हा आग्रह मला पटत नाही.

म्हणजे धक्का कमी करावा याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो कमी कसा करावा याबद्दल. कारण ब्रेकने वायूची दिशा बदलते, वायू नाहीसा होत नाही. एरवी पुढे, रिकाम्या जागेत जाणारा आवाज आता बाजूला आणि मागे येतो. तिथे माणसे असतात.

कानाचे गणितही थोडे समजून घेऊ. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि या मापात 20 डेसिबल वाढले की हवेचा दाब दहापट होतो. बंदुकीसारख्या एका फटक्याच्या आवाजासाठी मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा 140 डेसिबल मानतात. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती 120 सांगितली आहे. शिकारीच्या मोठ्या रायफलीचा आवाज ब्रेक नसतानाच 160 च्या आसपास असतो, म्हणजे मर्यादेच्या दहापट दाब. ब्रेक लावला की तो आणखी काही डेसिबलनी चढतो आणि बाजूला असलेल्याला सगळ्यात जास्त बसतो. आपल्या कानाच्या आत शंखासारख्या भागात बारीक केसांच्या पेशी असतात. त्या हवेची थरथर पकडतात आणि मेंदूला कळवतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा उगवतात. कोंबडीला जे जमते ते आपल्याला जमत नाही!

आपल्या शाळेच्या वाचनालयात जिम कॉर्बेट यांची पुस्तके आहेत आणि त्यांची पाने सगळ्यांत जास्त मळलेली आहेत. त्यांच्या 'द टेंपल टायगर' या 1954 च्या पुस्तकात तल्ला देसच्या नरभक्षक वाघिणीची कथा आहे. 1929 साली तराईतल्या एका शिकारीत दुसऱ्याची मोठी रायफल कॉर्बेट यांच्या चेहऱ्याजवळ झडली आणि त्यांच्या कानाचा पडदा फाटला. त्यातून पुढे गळू झाले. त्या ठणक्यासह, सुजलेल्या चेहऱ्याने, ते कुमाऊँच्या डोंगरात वाघिणीच्या मागावर फिरले. आपण ती कथा वाघिणीसाठी वाचतो. मामाची गोष्ट ऐकल्यावर मी ती पुन्हा वाचली, या वेळी कानासाठी. त्या रायफलीवर ब्रेक नव्हता. तरीही, नळीच्या तोंडाजवळ उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हे शंभर वर्षांपूर्वीही माहीत होते. मग आपण नळीच्या तोंडाशी अशी वस्तू का बसवावी, जी तोच आवाज मुद्दाम बाजूला वळवते?

ब्रेकच्या बाजूने बोलणारे म्हणतात, "सगळ्यांनी कानात प्लग घालावेत, प्रश्न मिटला." रेंजवर हे अगदी खरे आहे. तिथे वेळ ठरलेली असते, हुकूम असतो, सगळे एका रांगेत असतात. ब्रेक लावून खुशाल सराव करावा. पण शिकारीत तसे नसते. हरिण झुडपात शिरताना मोडलेली काडी ऐकू यायला हवी असते, म्हणून लोक कान मोकळे ठेवतात. आता असे इलेक्ट्रॉनिक हेडफोन मिळतात जे बारीक आवाज आत सोडतात आणि मोठा आवाज अडवतात. ते चांगलेच आहेत. पण शिकाऱ्याने ते स्वतःच्या कानावर घातले म्हणून वाटाड्याचा कान वाचत नाही. ओझे उचलायला आलेल्या माणसाचा वाचत नाही. शिकारी कुत्र्याचा तर नाहीच, आणि त्याला 'आता मी झाडणार आहे' असे सांगताही येत नाही. आफ्रिकेत आणि अमेरिकेतही अनेक वाटाडे ब्रेक लावलेली रायफल घेऊन आलेल्या पाहुण्याला तो काढून ठेवायला सांगतात. रोज नव्या पाहुण्याच्या शेजारी उभे राहणे हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे. पाहुणा आठवड्याने घरी जातो, वाटाड्याचा कान तिथेच राहतो.

मराठीत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. दान आपले, माल दुसऱ्याचा. खांदा वाचवायचा आपला आणि किंमत मोजायची शेजाऱ्याच्या कानाने, हे मला तसेच वाटते. आणि शेजाऱ्याला कुणी विचारलेलेही नसते.

बंदुका बनवणाऱ्यांनाही ही अडचण कळली होती. ब्राउनिंग कंपनीने 1990 च्या दशकात 'बॉस' नावाची एक जोडणी काढली. ती नळीच्या तोंडावर बसायची, नळीची थरथर जुळवून नेम सुधारायची आणि तिला भोके असल्यामुळे ब्रेकचेही काम करायची. पुढे कंपनीने तीच जोडणी भोकांशिवायही विकली. नेम सुधारणारा भाग तसाच, धक्का नेहमीचा, आणि आवाज शेजाऱ्याच्या कानात न वळवणारा. ज्यांनी भोकांशिवायची घेतली त्यांनी थोडा धक्का परत स्वतःच्या खांद्यावर घेतला. मला अशी माणसे आवडतात.

मग ज्याला खरोखर धक्का त्रास देतो त्याने काय करावे? माझ्या मते उपायांचा एक क्रम असावा आणि ब्रेक त्यात शेवटी यावा.

पहिला उपाय म्हणजे काडतूस गरजेपुरतेच घेणे. कॉर्बेट यांच्याकडे जड दुनळी रायफलही होती, पण रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी 1926 साली हलक्या .275 रिग्बीने मारला. आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने त्याच हलक्या काडतुसाने शेकडो हत्ती मारले. त्या कत्तलीचे मला कौतुक नाही, पण एवढे तरी त्यातून दिसते की गोळी कुठे लागते याला गोळीच्या आकारापेक्षा जास्त महत्त्व आहे. हरणासाठी मॅग्नम घ्यायची, मग तिचा धक्का सोसत नाही म्हणून ब्रेक लावायचा, मग ब्रेकचा आवाज सोसत नाही म्हणून कान झाकायचे, ही साखळी पहिल्याच कडीला तोडता येते.

दुसरा उपाय वजन आणि बसणी. रायफल जितकी जड तितकी ती मागे हळू येते. 14.6 संवेग 3.6 किलोऐवजी 4.5 किलोला मिळाला तर ऊर्जा 30 वरून 24 ज्यूलवर येते. डोंगर चढताना ते वजन स्वतःच्या खांद्यावर वागवावे लागते, हे खरे. पण ते आपल्या खांद्यावर असते. दस्त्याची लांबी अंगाला बेताची हवी आणि मागे रबराचा चांगला पॅड हवा, म्हणजे तोच धक्का थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेच तत्त्व.

तिसरा उपाय सराव, आणि तोही लहान काडतुसावर. रिकाम्या काडतुसाची उस्तादांची ती युक्ती मला आजवर मिळालेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कठोर धडा आहे.

चौथा उपाय, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, सायलेन्सर. नाव ऐकून सिनेमातला खुनी आठवतो, पण शिकारीच्या रायफलीवर तो आवाज गप्प करत नाही. गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, तिचा कडाका राहतोच. सायलेन्सर वायूला आपल्या पोटात अडवून हळूहळू सोडतो. त्यामुळे धक्काही कमी होतो आणि आवाज 20 ते 30 डेसिबलनी उतरतो. न्यूझीलंड, नॉर्वे, फिनलंड या देशांत तो शिकाऱ्याच्या रोजच्या सामानात असतो. अमेरिकेत मात्र 1934 च्या कायद्याने त्यावर 200 डॉलर कर (जो 2025 अखेरपर्यंत होता) आणि नोंदणी बसवली, तर ब्रेकवर तसे काहीच बंधन ठेवले नाही. म्हणजे शेजाऱ्याचा कान वाचवणारी वस्तू अवघड आणि शेजाऱ्याचा कान बिघडवणारी वस्तू सोपी. कायद्यामागे गुन्हेगारीची भीती होती हे मी समजू शकतो, पण परिणाम उलटा झाला.

आणि हे सगळे करूनही ज्याला ब्रेक लागतोच, त्याने तो जरूर वापरावा, पण एक नियम पाळून. रेंजवर ब्रेक लावून रायफल ओळखीची करून घ्यावी. रानात शेजारी कुणी असेल तर ब्रेक काढून, आट्यांवर टोपण चढवावे. ब्रेक काढला की गोळी थोडी दुसरीकडे लागू शकते, म्हणून निघण्याआधी तशीच झाडून नेम पुन्हा तपासावा. एका गोळीचा धक्का माणूस सोसू शकतो. समोर हरिण असताना तो जाणवतही नाही, असे शिकारी स्वतःच सांगतात. आणि ब्रेक काढायचाच नसेल तर चाप ओढण्याआधी शेजाऱ्याकडे बघून एकच शब्द विचारावा, "कान?" त्याने मान हलवल्याशिवाय गोळी सुटू नये. हरिण निघून गेले तर जाऊ दे.

आता कुणी विचारेल, न्यूझीलंडच्या हरणांचे आणि अमेरिकेच्या कायद्यांचे आपल्या शाळेत काय काम? आपल्यापैकी बहुतेक जण शिकारीची रायफल कधी हातातही धरणार नाहीत. पण आपल्यापैकी बहुतेकांना एनडीएत जायचे आहे. तिथल्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर आपल्याला पाठमोरे उभे करतात आणि सहा मीटरवरून कुजबुजतात. दोन्ही कानांनी, एकेका कानाने, ती कुजबुज ऐकू यावी लागते. त्या दिवशी आपले पुलअप्स किती आहेत आणि गणितात किती गुण आहेत हे कुणी विचारणार नाही. मामाचा उजवा कान त्या तपासणीत नापास होईल. तो नोकरी करतो, त्याचे फारसे अडत नाही. माझे किंवा माझ्या शेजारच्या लेनमधल्या मित्राचे मात्र सगळेच अडेल.

आपल्या रेंजवर .22 आहे, मॅग्नम नाही. तरी सहा रायफली एका रांगेत उडतात तेव्हा प्रत्येकाचा आवाज शेजारच्याच्या कानावर जातो. झाडणाऱ्या डिटेलला प्लग मिळतात. मागे वाट बघणाऱ्या डिटेलला, गोळ्या मोजून देणाऱ्या कॅडेटला आणि गुण लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा मिळत नाहीत. काही जण कापूस घालतात, पण साध्या कापसाने फारसा आवाज अडत नाही. तेव्हा आदरणीय शिक्षक आणि उस्तादांना माझी विनंती आहे की फायरिंगच्या दिवशी रेंजवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कानात प्लग असावेत आणि 'लोड' च्या हुकुमाआधी 'कान' असा एक हुकूम असावा. पालकांनाही विनंती आहे, सुट्टीवरून परत येताना डब्यात लाडू-चिवड्याबरोबर प्लगची एक डबी टाका. ती लाडवांपेक्षा जास्त दिवस टिकेल.

आणि माझ्या कॅडेट मित्रांना एवढेच सांगतो. आपल्याला इथे रोज काही ना काही सोसायला शिकवतात. पहाटेची थंडी, लांबची दौड, पाठीवरचे वजन. हे सगळे आपापल्या अंगावर असते, म्हणून त्यात मान आहे. रूट मार्चवर स्वतःचे पाणी हळूच दुसऱ्याच्या पाठपिशवीत सरकवणारा कॅडेट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचे ओझे कमी होते, पण ते कुठे गेले हे पुढे चालणाऱ्याला चढावर कळते. मझल ब्रेक लावलेली रायफल शेजाऱ्याच्या कानाजवळ झाडणारा माणूस मला तोच कॅडेट वाटतो. फरक इतकाच की पाणी मुक्कामावर परत मिळते.

मामा पुढच्या दिवाळीत येणार आहे. त्याच्या सहकाऱ्याने आता ब्रेक काढून सायलेन्सर बसवला आहे, असे मामाने फोनवर सांगितले. "त्याचा खांदा आता थोडा दुखतो म्हणे," तो म्हणाला आणि हसला. मी फोन त्याच्या डाव्या कानाला आहे याची खात्री करून घेऊनच पुढे बोललो.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी